तंबूतली चाचणी

"हातमोजे घाला, मग बोला," असं म्हणत ताई समोरच्याच्या हातात जाड लोकरीचे हातमोजे कोंबायच्या. मे महिन्याचं ऊन, सातपूरच्या कारखान्यातली आमची पत्र्याची शेड, आणि एखादा नवा इंजिनिअर घाम गाळत जनरेटरची इंधनाची चावी फिरवायला धडपडतोय. "फिरंना ना? मग बर्फात जवानानं कशी फिरवायची?" आम्ही हसायचो. चावी मात्र बदलली जायची.

असं माणूस तुम्हीही पाहिलं असेल. त्याच्यामुळे माल उशिरा जातो, पण परत येत नाही.

पिंपळगावच्या शेतकरी घरातल्या ताई आमच्या कारखान्यात लष्करासाठीचे कमी आवाजाचे, उचलून न्यायचे जनरेटर तपासायच्या. मी त्यांच्या हाताखाली. आवाज किती कमी झाला म्हणून सगळे खूश. ताईंना वेगळाच घोर. "आवाज नाय म्हणून माणूस त्याला तंबूला खेटून ठेवंल. मग धुराचं काय?"

त्यांनी आवारात तंबू ठोकायला लावला, जनरेटर कनातीला खेटून चालू केला आणि विषारी वायू मोजायचा मीटर घेऊन स्वतः आत बसल्या. थोड्याच वेळात मीटर किंचाळू लागला.

"मीटर खराब असेल," मॅनेजरसाहेब बाहेरूनच म्हणाले.

ताई आकडे लिहीत राहिल्या. बाहेर आल्या त्या भेलकांडतच. मी धरलं, तर भडभडून ओकल्या.

"ऊन लागलं असेल. बायकांना होतंच," साहेब म्हणाले.

ते वाक्य आठवलं की आजही माझी कानशिलं तापतात.

ताईंनी अहवालावर 'नापास' लिहिलं. साहेबांनी तंबूची दोन्ही दारं सताड उघडून चाचणी पुन्हा करवली आणि 'पास'चा कागद माझ्यापुढे सरकवला. मी सही केली. हो, मीच.

ताई ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तू आत बसला होता का रे?"

मग त्यांनी आपले आकडे थेट लष्कराच्या तपासनीसांना पाठवले. माल अडला. कारखान्याचे कागद बाहेर दिले म्हणून ताईंना काढलं. गेटवर त्यांची पिशवी उलटी करून तपासली. निघाला एक डबा आणि चष्मा.

पुढे जनरेटरला धूर दूर सोडणारी लांब नळी आली, वायू वाढला की यंत्र आपोआप बंद पडायची सोय झाली. पहिली गाडी निघाली तेव्हा साहेबांनी नारळ फोडून भाषण ठोकलं, "सुरक्षिततेत आम्ही तडजोड करत नाही!"

ताईंचं नाव कुणी घेतलं नाही. टाळ्या जोरात वाजल्या. मी पुढच्याच रांगेत होतो. मीही वाजवल्या.