रविवारी तो कुठे जायचा

"काही नाही, जरा जाऊन येतो."

हे वाक्य त्याच्या तोंडी दर रविवारी सकाळी असायचं. बोलताना तो सायकलचं मागचं टायर अंगठ्याने दाबून बघायचा आणि त्यातली थोडी हवा सोडून द्यायचा. लोक निघण्याआधी हवा भरतात, हा सोडायचा. "खडीवर टायर नरम लागतं, नाना. घट्ट असलं की उडतं." मग लिंबायतच्या गल्लीतून बाहेर पडायचा तो संध्याकाळी दिवे लागताना परत. त्याचं 'जरा' म्हणजे पन्नास-साठ किलोमीटर.

मला सगळे नाना म्हणायचे, तोही म्हणायचा. सुरतेजवळच्या सचिन गावातल्या एका प्रोसेस हाऊसमध्ये, म्हणजे कापड रंगवण्या-छापण्याच्या कारखान्यात, मी हजेरी लिहायचो. तो कलर किचनमध्ये होता, रंग तोलायचा आणि कालवायचा. मशीनवर कुठला रंग चालू आहे हे त्याच्या नखांवरून कळायचं. मूळचा साक्रीकडचा. सुरतेत बहीण आणि दाजी, त्यांच्याच शेजारी एका खोलीत राहायचा. दोन धाकट्या बहिणींची लग्नं उरकता उरकता स्वतःचं राहून गेलेलं, वय तेहतीस-चौतीस.

नव्वदच्या दशकातल्या सुरतेत सायकलला कुणी हौस म्हणत नव्हतं. सायकल असायची ती कामाला जायला. हा कामाला रिक्षात चार जणांत दाटीने बसून यायचा आणि सुट्टीला सायकल चालवायचा. सायकलही कसली, काळी, जुनी, बिनमडगार्डची. काळ्या मातीचा चिखल मडगार्डमध्ये अडकतो म्हणून त्याने ती काढून टाकली होती. कॅरिअरला फडक्यात बांधलेली कळण्याची भाकरी, ठेचा आणि पाण्याची बाटली.

गल्लीतले अहिराणीत कुठे चाललास म्हणून विचारायचे, "कथा चालना रे भो? सासरवाडीले?"

"सासरवाडी कुठे आहे अजून? जरा जाऊन येतो."

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. तो काही लपवत नसतो आणि तरी आपलं समाधान होत नाही. मला वाटायचं, कुठल्यातरी देवाला जात असेल. मग वाटायचं, कुणाला तरी भेटायला. एकदा मी विचारलंच.

"चला की सोबत," तो म्हणाला.

मी मेव्हण्याची सायकल मागून घेतली आणि गेलो. हिवाळा होता. कडोदरापर्यंत ट्रकांची धूळ खाल्ली, पुढे तो नहेरीच्या, म्हणजे कालव्याच्या, बांधावर वळला. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला ऊस, मध्ये मुरमाचा रस्ता. माणूस म्हणाल तर तासाभरात एक, तोही म्हशी घेऊन. बारडोलीकडून वारा आला की मळीचा वास यायचा. फाटा आला की तो कुणाला विचारत नसे. "पाणी जातं तिकडे जायचं," एवढंच. मध्येच बांध सोडून तो मिंढोळा नदीच्या खोऱ्यात उतरला. तिथे गोटेच गोटे. माझं मागचं चाक दोनदा घसरलं, एकदा मी पडलो. त्याने मला उठवलं, माझ्या टायरमधली हवा सोडली आणि म्हणाला, "आता बघा." खरंच बरं चालायला लागलं.

दुपारी एका गावाबाहेरच्या तळ्यापाशी थांबलो. कमळं होती. त्यांच्या पानांवरून लांब बोटांचे पक्षी चालत होते. त्याने सायकल बाभळीला टेकवली आणि बसला. मी वाट बघत उभा.

"पोहोचलो का?"

"हो की."

"इथे काय आहे?"

त्याने तळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तळं," तो म्हणाला.

त्याने भाकरी अर्धी केली. खाता खाता विचारलं, "नाना, तुम्हाला कुठे जावंसं वाटतं?" मी पुष्कळ आठवून पाहिलं. शेवटी म्हणालो, "घरी." तो खूप हसला, त्यात कुचेष्टा नव्हती. पण येताना सबंध वाटेत मी त्याच्याशी नीट बोललो नाही. का, ते मला तेव्हा कळलं नव्हतं. आजही कळलंय असं छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.

पुढच्या उन्हाळ्याआधी त्याला स्थळ आलं, शहाद्याजवळच्या एका गावचं. मुलगी बघून आला त्याच्या दुसऱ्या दिवशी हजेरीच्या खिडकीत डोकं घालून उभा. नखं पिवळी.

"नाना, मुलीला सायकल येते. शाळेला तीन कोस सायकलवर जायची म्हणे."

"मग?"

"मग काय! तिनेच विचारलं मला, नहेरीवरचा रस्ता बाई माणसाला चालण्यासारखा आहे का."

इतका वेळ तो कधीच बोलला नव्हता. मागे लाइन लागली तेव्हा कुणीतरी ओरडलं, "अरे नवरदेवा, अंगठा लाव नि हो पुढं!"

आठवडाभराने मुलीचे वडील कारखान्यावर आले. त्याला भेटायला नाही, मला. पांढरी टोपी, हातात पिशवी. आम्ही गेटबाहेरच्या चहाच्या लारीवर, म्हणजे हातगाडीपाशी, बसलो.

"नात्यातले गोडच बोलता, साहेब," ते म्हणाले. "गल्लीतल्यांचं कुणाशी वाकडं राहतं. तुम्ही जातीतले नाही, भावकीतले नाही. तुम्ही सांगाल ते खरं."

आमच्याकडची ही रीत तुम्हाला ठाऊक आहे. सोयरिकीच्या चौकशीत कुणी कुणाचं वाईट बोलत नाही. चांगलं असलं तर भरभरून सांगतात. नसलं तर "आता मी काय सांगू" म्हणतात आणि विचारणारा समजून घेतो. माझ्या दोन बहिणींसाठी मीच अशा चौकशा करत फिरलो होतो. कुठल्या वाक्याचा काय अर्थ होतो, हे मला कुणी शिकवायला नको होतं.

"दारू?"

"शिवत नाही."

"पत्ते, सट्टा?"

"नाव नाही."

"मग एक सांगा. गल्लीत कळलं, दर रविवारी सकाळी जातो तो रातलेच येतो. कुठे जातो?"

मी म्हणालो, "ते त्याचं त्यालाच ठाऊक."

एवढंच. त्यांनी बशी खाली ठेवली. म्हणाले, "बरं झालं भेटलात." पिशवी उचलली आणि स्टेशनच्या दिशेने गेले. त्यांचा निम्मा चहा तसाच राहिला. त्यांना हाक मारायला मला वेळ होता. रस्ता ओलांडताना ते दोन ट्रकांसाठी थांबले होते.

मी हाक का मारली नाही? हा प्रश्न मी स्वतःला पंचवीसेक वर्षं विचारतो आहे. हेवा म्हणावा, तर त्याच्यापाशी हेवा करण्याजोगं काय होतं? चेष्टा म्हणावी, तर लग्नाच्या बाबतीत चेष्टा करणारा माणूस मी नव्हे. 'मला ठाऊक नाही' असं मी म्हणालो नाही, म्हणजे खोटंही बोललो नाही. हे समाधान मी बरीच वर्षं जवळ ठेवलं.

स्थळाकडून नकार आला. कारण कुणी सांगितलं नाही. काही दिवसांनी तो खिडकीशी आला.

"नाना, जमलं नाही ते."

"अरेरे. का?"

"कळत नाही. इथे कुणीतरी काहीतरी सांगितलं म्हणतात. तुम्हाला कुणी विचारायला आलं होतं का?"

"मला? नाही बुवा."

त्याने लगेच मान डोलावली. "तुम्हाला विचारलं असतं तर बरं झालं असतं," तो म्हणाला. "तुम्ही तर आला होतात सोबत."

त्यानंतर तो रविवारचा जायचा बंद झाला. दाजींनी समजावलं असावं, की लोकांना संशय येतो, पुढचं स्थळ येईल तेव्हा तू घरी दिसायला हवास. एका रविवारी मी त्या गल्लीतून जात होतो. तो दाराच्या पायरीवर बसला होता. इस्त्रीचा शर्ट, तेल लावून भांग. हातात काही नाही, वर्तमानपत्रसुद्धा नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं म्हणून बसलेला. आत मोरीजवळ सायकल साखळीने बांधलेली होती.

"बसा नाना," म्हणून त्याने सरकून जागा केली.

मी बसलो. बहिणीने चहा दिला. "आता शहाणा झाला बघा," ती म्हणाली, "घरात राहतो." तो तिच्याकडे बघून हसला. आम्ही दोघं तासभर तसेच बसलो. सांगायला तासभर पुष्कळ होता. मी उन्हाबद्दल बोललो, पाण्याच्या नळाबद्दल बोललो आणि उठलो.

वर्षभरात तो नोकरी सोडून गेला. स्थळ पुन्हा आलं नव्हतं. कुणी म्हणालं भिवंडीला गेला, कुणी म्हणालं गावी. पुढे बहीण-दाजींनीही खोली सोडली. कलर किचनमध्ये दुसरा माणूस आला.

निवृत्त झाल्यावर मी त्या मुलीच्या वडिलांना पत्र लिहिलं. गावाचं नाव लक्षात होतं. सगळं लिहिलं: नहेर, खोरं, तळं, अर्धी भाकरी. तुमचा जावई व्हायचा होता तो फक्त सायकल चालवायला जायचा, दुसरं काही नव्हतं, आणि हे मला त्या दिवशी ठाऊक होतं. मला वाटलं होतं, उत्तर आलं तर शिव्या येतील. नाहीतर येणारच नाही.

महिन्याने पोस्टकार्ड आलं. अक्षर थरथरतं. मुलगी दिल्या घरी ठीक आहे, दोन मुलं आहेत, हे आता तिला कळवणार नाही, तुम्हीही कळवू नये. मग एक ओळ सोडून लिहिलं होतं: "तुमच्या बोलण्यावरून मी उठलो नाही साहेब. ते बोलताना तुम्ही हसलात, म्हणून उठलो."

मी हसलो होतो? मला आठवत नाही. लारी आठवते, बशी आठवते, ते दोन ट्रक आठवतात. माझा चेहरा आठवत नाही, तो मला कसा आठवणार. ते कार्ड घेऊन मी आरशासमोर उभा राहिलो आणि तेच वाक्य त्याच आवाजात म्हणून पाहिलं. ओठ आपोआप एका बाजूला गेले. बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, "कुणाशी बोलताय?"

तो कुठे आहे, आहे की नाही, मला ठाऊक नाही. असलाच तर साठीला आला असेल. हजेरीच्या खिडकीशी त्याने मला एक प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर मी चुकीचं दिलं. म्हणून इथे लिहून ठेवतो. हो, आले होते विचारायला. मलाच विचारलं होतं.