फेज दोनचं पाणी

आमच्या ऑफिसच्या सर्व्हरमधली पाण्याची चोरी मी पकडली, असं मी सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे पकडली सर्व्हरवाल्या काकूंनी. मी तर चोर म्हणून पकडला गेलो होतो.

मी पाण्याचा टँकर चालवतो. काकू एम. पी. नगरातल्या आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळायच्या. काकांच्या सरकारी नोकरीपायी पुण्याहून भोपाळला आलेल्या. कोणी ओरडत आलं की बडीशेपेची डबी पुढे करायच्या. "आधी चाव, मग बोल." आमचे मालक सेठजीसुद्धा गप चावायचे.

कोलार रोडला एका कॉलनीचे दोन फेज. नवा सर्व्हर आला आणि फेज एकच्या टाक्या ओसंडायला लागल्या, फेज दोन कोरडी ठाक. मी चौथी नापास. सर्व्हर फोनवर दाखवेल त्या गेटात पाइप सोडायचा, बस. फोन प्रत्येक फेरीला फेज एकच दाखवायचा. मला वाटलं, मोठी माणसं, जास्त आंघोळ करत असतील.

एक दिवस फेज दोनच्या बायका रिकाम्या बादल्या घेऊन ऑफिसात. सेठजी माझ्यावर उखडले, "क्यों बे रघु, फेज टू का पानी बेच खाया?" माझी नोकरी गेल्यातच जमा होती.

काकूंनी सगळ्यांना बडीशेप वाटली. मग फेज दोनसाठी माझ्या नावाचं एक खोटं बुकिंग टाकलं आणि सर्व्हरमधला फेज एकच्या बुकिंगांचा कप्पा उघडला. आत मी बसलेलो!

"कॉलनीचं नाव हे एवढं लांब, फेज शेवटी," काकू म्हणाल्या. "सर्व्हर ठराविक अक्षरंच घेतो, पुढची न सांगता कापतो. मग दोन्ही कप्पे एकच की!"

"तो सर्वर वाली कंपनी को बोलो, ठीक करे," सेठजी म्हणाले.

"बोल दिया. वो जब करेंगे तब करेंगे. तब तक लोग नहाएँ नहीं?"

त्यांनी कप्प्यांना छोटी नावं दिली, कोलार एक, कोलार दोन. लांब नाव कप्प्याच्या आत लिहिलं, तिथे कापाकापी नव्हती. "पत्रिकेत भलं मोठं नाव असतं, हाक बंड्या म्हणूनच मारतो ना? तसंच."

संध्याकाळी फेज दोनला पाणी पोचलं. बसल्या जागेवरून, नुसत्या बोटांनी! देव बघितला नाही मी, पण बघितलाच तर आधी बडीशेप मागेन.

काका रिटायर झाले. काकू पुण्याला निघाल्या त्या सकाळी भरलेला टँकर त्यांच्या मिसरोदच्या घरासमोर उभा करून मी ढसाढसा रडलो.

"काकू, तुमच्यासाठी जीव देईन मी!"

"जीव नको. टँकर कुठला?"

"फेज दोनचा."

"मग इथे रडतोस काय, गाढवा? बायका नळापाशी खोळंबल्यात. नीघ!"