जाईबाईची परतलेली पाळी

जाईबाईची पाळी जाऊन बरीच वर्षं झाली होती. गेल्या दिवाळीत लुगड्याला पुन्हा डाग दिसला, तेव्हा मिरकरवाडा बंदरावरच्या तिच्या घराला एकच गोष्ट सुचली, बाईला बाजूला बसवायची. चुलीला हात नको, देवाला नको, पाण्याच्या हंड्याला नको. एवढ्या वर्षांनी हे कसं, असं कुणीच विचारलं नाही. टोपली घेऊन मासळी विकायला मात्र तिला पाठवत होते. त्या पैशांना विटाळ होत नसावा.

“जाऊबाय, पुन्हा तरणी झालीस की गो!” धाकटी जाऊ शकू हसली. “उष्णता हाय ती. कोकम पी.”

“तूच पी. जीभ तरी थंड होईल.”

असं म्हणूनही जाईबाईने कोकम प्यायलंच. हिवाळाभर प्यायलं. अंगाला येणारा वास टोपलीचाच, अशी स्वतःची समजूत घातली. पुढे तिला सगळ्यात जास्त राग आला तो याचाच.

शेवटी सुनेने, संध्याने, तिला सरकारी दवाखान्यात नेलं. संध्या शहरातल्या एका लॅबमध्ये कामाला होती. तिला तो डाग पाळीचा वाटत नव्हता. तिथे आतला तुकडा काढून तपासला. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर. अजून फार पसरलेला नाही, उशीर करू नका, असं सांगून डॉक्टरांनी कोल्हापूरला किरणांच्या उपचारांची तारीख मिळवून दिली. नेमकी त्याच दिवशी घरी शिमग्याची पालखी येणार होती.

“मला झालाय काय, ते नीट सांग,” जाईबाई सुनेला म्हणाली. “देवीचा कोप सांगायला बाकीचे आहेत.”

“आई, पेशीने कधी वाढायचं, कधी थांबायचं, हे निरोप प्रथिनं पोचवतात. एक विषाणू असतो, तो वर्षानुवर्षं आत दबून राहतो. त्याची दोन प्रथिनं ‘थांब’ सांगणाऱ्यांनाच आधी गाठतात. त्या थांबवणाऱ्यांतलं पी-त्रेपन्न म्हणून एक आहे, त्याचा तर पार निकाल लावतात. मग ‘वाढ, वाढ’ एवढाच निरोप चालू राहतो.”

“नको म्हणेल त्याचं तोंड आधी बंद करायचं! आपल्याच घरात शिकलाय मेला.”

जाईबाईचा नवरा मोरू उंबऱ्यावर उभा राहून ऐकत होता. “पण हा विषाणू आला कुठनं?” त्याने आवाज चढवला.

संध्या खाली बघत म्हणाली, “बहुतेक वेळा संबंधातून येतो, बाबा. कधी आला, कुणाकडून, ते सांगता येत नाही.”

“मला येतं,” जाईबाई म्हणाली. “मी टोपली घेऊन पाली गावाच्या पलीकडे कधी गेले नाय. बोटीवरनं बंदरं तुम्ही फिरलात.”

मोरूने विषय बदलला. “पालखी होऊन जाऊ दे. देवीला कौल लावू, मग बघू.”

“आत वाढतंय ते कौलासाठी थांबणार नाय. थांबवणाराच मेलाय तिथला.”

पालखीच्या सकाळी सासूसुना एसटी स्टँडवर पोचल्या. कोल्हापूरची गाडी लागलेली होती. नव्या पांढऱ्या सदऱ्यात मोरू धापा टाकत आला. बायकोची पिशवी उचलून द्यावी, हेही त्याला सुचलं नाही.

“अगो, पालखी वाडीत शिरली! शकू माहेरच्या पालखीला गेली, घरात एक बाय नाय. देवीची ओटी कोण भरणार?”

“तुम्ही भरा.”

“मी? लोक हसतील!”

“हसू देत. विटाळ म्हणून मला देवापासून बाजूला बसवलीत तेव्हा कोण रडलं होतं?”

ती दांडा धरून पायरी चढली. खिडकीशी बसल्यावर तिने काच सरकवली आणि कंडक्टरला विचारलं, “गाडी कधी सोडताय?”