पुलाच्या दोन्ही बाजूंच्या बाई

आदरणीय प्रभावती कोंढाळकर बाईंची आणि माझी ओळख भांडणातून झाली. शनिवार होता, सकाळची शाळा, आणि नेहमीप्रमाणे मला उशीर झाला होता. भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांच्या हद्दीवर ओढ्याचा अरुंद पूल आहे. त्यावरून मुलांची रांग चालली होती. मी मोटारसायकलचा हॉर्न दाबून धरला. रांगेच्या पुढून एक साठी उलटलेल्या बाई आल्या आणि मिटलेली छत्री आडवी धरून माझ्या चाकापुढे उभ्या राहिल्या.

"हॉर्न कोणासाठी दिलात?"

"मुलांसाठी."

"मग त्यांनी काय करावं अशी तुमची अपेक्षा आहे? ओढ्यात उड्या माराव्यात?"

मी वेल्हे बाजूच्या प्राथमिक शाळेत शिक्षक आहे हे कळल्यावर त्या आणखीच चिडल्या. रांगेतली मुलं माझ्याच शाळेची होती. मी खाली उतरून गाडी ढकलत त्यांच्या मागे गेलो. त्या दिवशी शाळेत सगळ्यांत शेवटी मी पोहोचलो.

आज बाई पंच्याहत्तरीत प्रवेश करत आहेत. गौरवग्रंथासाठी लेख द्या, असे संपादकांचे तीन फोन येऊन गेले. चार वेळा सुरुवात केली आणि चारही वेळा उठून अंगणात फेऱ्या मारल्या. खरं कारण सांगून टाकतो. गेल्या दिवाळीनंतर बाईंचे गुडघे पार गेले आहेत. डॉक्टरांनी उभं राहायला मनाई केली आहे, तरी त्या रोज पुलावर येतात. "गुरुजी, माझ्यानंतर पुलावर तुम्ही उभे राहाल का? दोन्ही तालुक्यांचं सगळं बघाल का?" असं त्यांनी मला विचारलं. मी "बघू" म्हणालो, आणि तेव्हापासून तोंड चुकवत फिरतो आहे. मी नाही म्हटलं तर रांग मोडेल, हे त्यांना माहीत आहे आणि मलाही.

रांग म्हणजे काय ते बाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. हायस्कूल भोरच्या बाजूला आहे, प्राथमिक शाळा वेल्ह्याच्या. म्हणून रोज मोठी मुलं पूल ओलांडून तिकडे जातात आणि लहान मुलं इकडे येतात. एसटीची वेळ शाळेशी कधी जुळली नाही. शनिवारी तर गड बघायला निघालेल्या मोटारी पुण्याहून सुसाट येतात आणि नेमकी त्याच वेळी आमची सकाळची शाळा भरते. बाई भोरच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या आणि दुसऱ्याच आठवड्यात या पुलावर येऊन उभ्या राहिल्या. प्रत्येक वाडीतून एक मोठं माणूस पुढे, एक मागे, मधे मुलं. सायकलवाल्या मुलींनी उतारावर उतरून सायकल हातात धरायची. डबलसीट बंद. दर शनिवारी शाळा सुटल्यावर ब्रेकची तपासणी, तीही बाईंच्या डोळ्यांदेखत.

खरी कसरत होती ती दोन तालुक्यांना एकत्र आणण्याची. आमचा वेल्हे तालुका आता कागदावर राजगड झाला आहे, तोंडात मात्र वेल्हेच बसलं आहे. पूल नेमका कोणाचा, हे कोणालाच नीट माहीत नव्हतं. बाईंच्या अर्जामुळे एकदा रस्त्यावर पांढरे पट्टे मारायला माणसं आली, आणि पट्टे पुलाच्या मध्यावर येऊन थांबले. पुढची हद्द आमची नाही, असं ती माणसं म्हणाली. मुलांनी अर्धा पूल पट्ट्यांवरून ओलांडायचा आणि उरलेला नशिबावर. बाई हसल्या नाहीत. दोन्हीकडचे सरपंच, शिक्षक, पालक आणि एक पोलीस हवालदार अशा सगळ्यांना त्यांनी बैठकीचं निमंत्रण दिलं. कोणी कोणाच्या कचेरीत जायला तयार होईना, म्हणून बैठक पुलावरच घेतली, तीही शाळा सुटायच्या वेळी. मोटारी अंगावरून जाऊ लागल्यावर सगळ्यांचं एकमत व्हायला फार वेळ लागला नाही. महिन्याभरात पट्टे पलीकडे पोहोचले आणि दोन्ही टोकांना गतिरोधक झाले. तेव्हापासून बैठक दर महिन्याला तिथेच होते.

आता माझी चूक. ती लिहायची नसती तर हा लेख कधीच झाला असता.

कोणत्या वाड्यांना रांग हवी, याची यादी बाईंनी मागितली होती. वेल्हे बाजूचं काम माझ्याकडे होतं. मला सगळीकडेच घाई. आवळवाडीच्या पायथ्याला गाडी उभी करून वर जायचा कंटाळा केला. तिथे गवताचा भारा घेऊन निघालेले नामदेव भेटले. त्यांना विचारलं, शाळा किती लांब पडते?

"हितंच की गुरुजी. पोरं उड्या मारत जात्यात."

मी यादीत आवळवाडीपुढे 'जवळ' असं लिहिलं आणि गाडी वळवली. त्यामुळे आवळवाडीला रांग मिळाली नाही.

पुढच्या श्रावणात नामदेवांची अश्विनी, आठवीतली, एकटी डांबरी रस्त्यावर उतरली आणि वळणावर एका टेम्पोने तिला चरात ढकललं. हात दोन ठिकाणी मोडला. टेम्पो थांबला नाही. मुलीची शाळा बंद, असा निरोप घरून आला.

बाईंना मी सगळं खरं सांगितलं. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "उद्या आपण चालत जाऊ." सकाळी आम्ही शाळेतून निघालो. चिखल, दोन ओहोळ, निसरडी चढण. बाईंचे गुडघे तेव्हाच कुरकुरत होते. आवळवाडीत पोहोचायला सव्वा तास लागला, आणि त्यातली शेवटची पाऊलवाट अशी की वाटेत माणूसच काय, कुत्रंही भेटलं नाही.

नामदेवांनी चहा ठेवला. मी न राहवून विचारलं, तुम्ही हितंच म्हणाला होतात ना?

"म्हणलं की," ते म्हणाले. "आवो, दारात आल्याला मानूस इचारतोय किती लांब, त्याला लांब हाय म्हनायचं व्हय? त्यो पुन्यांदा येईल कशाला? आमी समद्यास्नी हितंच म्हनतो."

बाई माझ्याकडे न बघता त्यांना म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे. चालून बघायचं काम आमचं होतं." आमचं. पुढच्या बैठकीत पालक माझ्यावर धावून आले तेव्हाही त्यांनी तोच शब्द वापरला. यादी आमची होती, चुकली, म्हणाल्या. बाईंचा त्या यादीशी काडीचाही संबंध नव्हता. मी तिथे उभा राहून ते ऐकून घेतलं आणि गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची लाज मला आजही वाटते.

अश्विनीला परत आणायला आम्ही पाच वेळा चढलो. आई तयार होती, नामदेव होत नव्हते. पाचव्या खेपेला ते म्हणाले, "बाई, तुमी रोज खाली उभ्या ऱ्हानार असाल तर धाडतो. न्हाईतर न्हाई." बाईंनी हो म्हटलं. आवळवाडीची रांग तिथून सुरू झाली, आणि बाईंचं भोरहून एसटीने रोज पुलावर येणंही. त्याआधी त्या आठवड्यातून तीनदा यायच्या. अश्विनी आता बारावीला आहे आणि कॉलेजला सायकलने जाते. तिची धाकटी बहीण रांगेत आहे.

आता लक्षात येईल, मला झोप का लागत नाही. बाईंनी दिलेला शब्द त्यांच्या गुडघ्यांवर उभा होता. तो मी कसा उचलू? ज्याने वाडी न बघता 'जवळ' लिहिलं, त्याच्या भरवशावर आया मुलं सोडतील का? मागच्या आठवड्यात हे मी बाईंना विचारलं. त्या खुर्चीत पाय वर घेऊन बसल्या होत्या, गुडघ्यांना तेल लावत होत्या.

"धास्ती वाटते?"

"रोज वाटते."

"मला पंधरा वर्षं वाटते आहे. एक मूल मोजताना कमी भरलं की पुन्हा पहिल्यापासून मोजते. तुम्हाला वाटत नसती तर मी विचारलंच नसतं."

आणि त्यांनी मला चहा करायला स्वयंपाकघरात पाठवलं.

बाई, तुम्हाला दीर्घायुष्य लाभो, गुडघ्यांना आराम पडो, आणि पुढची अनेक वर्षं दर महिन्याच्या बैठकीत आमची हजेरी घ्यायला तुम्ही असा. हे सगळे या ग्रंथात लिहितील. मी एवढंच वेगळं लिहितो की काल आवळवाडीला चालत जाऊन आलो. नामदेवांना सांगितलं, बाईंच्या जागी आता मी उभा राहणार आहे, चालेल का? ते बराच वेळ माझ्या चिखलाने भरलेल्या पायांकडे बघत होते. मग म्हणाले, "धाडतो."

तेव्हा सोमवारी एसटी पकडू नका. पुलावर मी आहे.