नाकातला हरभरा

केसातली पिन घातली आन् दाणा आजूनच आत गेला — स्वरा अशी किंचाळली की गोठ्यातली म्हैस उठून उभी राह्यली. तीन वर्साची पोर, डाव्या नाकपुडीत हरभरा, आन् माझ्या हातात पिन. ह्यातलं खरं काय ते आमच्या ह्यांना म्हाईत न्हाई, भांडगावच्या माझ्या बहिणीला बी न्हाई. तुमालाच सांगतीय — आन् सांगताना बी दम लागतोय.

आत्याबाई, म्हंजी माझी सासू, सकाळधरनं अंगणात पाटीतला हरभरा निवडत व्हत्या. मळ्यात जाताना मला बजावून गेल्या, पोरीला दाण्यात बसू दिऊ नको, नाकात घालती. अगदी असंच म्हणल्या. आन् मी? बहिणीचा व्हिडिओ कॉल आला. तिचं लगीन ठरल्यालं, साड्या दाखवत व्हती. पोर पदर ओढाया लागली, तवा मीच मूठभर दाणं तिच्या म्होरं टाकलं — घे, खेळ. मोरपंखी घ्यावी का डाळिंबी, ह्यात मी गुतलेली.

आत्याबाई रडणं ऐकूनच पळत आल्या. माझ्या हातातली पिन हिसकावली, पोरीला उचलून घेतलं. शेजारच्या मामांच्या टेम्पोत बसून निघालो शिरूरला. मामा वाटभर सांगत, भिजला की फुगतोय बरं का हरभरा. गप बसावं की न्हाई माणसानं?

डॉक्टरीणबाई हसऱ्या. नाकात बॅटरी मारून बघितलं, मला म्हणल्या, पोरीच्या तोंडाला तोंड लावा, मी दुसरी नाकपुडी दाबते, एकदाच जोरात फुंका. फुंकलं — आन् फाट्दिशी दाणा बाहीर, शेंबडासकट, थेट माझ्या गालावर. स्वरा रडायची थांबली, गालाकडं बघितलं, म्हणली, "मम्मी, परत." सगळा दवाखाना हसला. मी बी हसले, रडत रडत.

मग बाईंनी पिनीवरनं मला दटावलं. आन् इचारलं, "हिच्या हातात दाणं दिलं कुणी?"

"आत्याबाई निवडत व्हत्या," मी म्हणले.

खोटं हाय का हे? निवडतच व्हत्या की. तुमी काय म्हणला असता? — जाऊ द्या, हे इचारायचं तोंड न्हाई मला.

आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं बी न्हाई. खाली मान घालून म्हणल्या, "चुकलं माझं. पाटी उचलून ठिवाया पायजे व्हती." डॉक्टरीणबाईंनी त्यांना सुनावलं. सांजच्याला हे कंपनीतनं आले, त्यांनी बी सुनावलं. मी चुलीपाशी भाकरी थापत व्हते. सगळं ऐकू येत व्हतं.

आता स्वरा शाळंत जाती. आत्याबाई तो किस्सा गावभर सांगत्यात — म्हैस, टेम्पो, गालावरचा दाणा, सगळ्या नकला करून. बाया पोट धरून हसत्यात. परवा शेजारच्या बारशाला पण तेच. सांगून झालं, तवा माझ्या पाठीवर हात ठिवला आन् नव्या बाळंतिणीला म्हणल्या, "ह्या येड्या म्हातारीनं नात घालवलीच व्हती. हिनं वाचवली."

सगळ्या बाया माझ्याकडं बघाया लागल्या.

मी लाजल्यागत केलं.