मौद्याजवळची पाण्याची थाळी

बेसाला मुलाचं घर बांधणं सुरू आहे. काल ओटा समतल आहे का पाहायला मिस्त्रीनं त्यावर पाणसळ ठेवली, आणि मला मौद्याजवळचा माळ आठवला.

सत्तरच्या दशकात माझे यजमान जमिनीखालचा दगड तपासणाऱ्या पथकात होते. आम्ही चाकांवरच्या पत्र्याच्या ट्रेलरमध्ये राहायचो. मुक्काम बदलला की चाकांखाली विटा घालून तो समतल करावा लागे. त्या खेपेला आमची दोन वर्षांची मुलगी तापानं जाऊन नऊ दिवस झाले होते.

ट्रेलर कोणीकडे कलतो ते पाहायला मी दारात पाण्याची थाळी ठेवून बसले; यजमान खाली चाकांपाशी विटा घालत होते.

"पाणी कोणीकडे जाऊन राहिलं वं?" त्यांनी खालून विचारलं.

"तुमच्याकडे."

पाणी सारखं झालं, तरी मी तेच सांगत राहिले. काम संपलं की ते वर येणार आणि आम्हाला एकमेकांसमोर बसावं लागणार. रडू येत नव्हतं. ऊन पायांवर होतं, पण लागत नव्हतं.

मी त्यांना फसवलं, असं कितीतरी वर्षं वाटत होतं. पण दर वेळी वीट सरकवल्याचा आवाज आला आणि थाळीतलं पाणी होतं तसंच सारखं राहिलं. ते तीच वीट काढून पुन्हा तिथेच ठेवत होते.