विस्कटून आलेला उजेड

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे ओटीवर बसून सुका जवळा निवडणं. "अहो, खडे तसेच सोडताय, दात माझे पडतील," बायको म्हणाली. पहाटे ती उठलीच नाही. तिची राख खाडीच्या तोंडाशी सोडली.

तेराव्यानंतर कॉलेजातली एक पोरगी लेझरचं यंत्र घेऊन माझ्या होडीवर आली. पाण्यात तरंगत राहणारे बारीक कण तिला ओळखायचे होते. हिरवा उजेड ती एका दिशेनं विंचरल्यासारखा खाली सोडायची. गोल कणावरून तो तसाच नीट परत येतो, वेड्यावाकड्या कणावरून विस्कटून येतो, असं तिनं सांगितलं. खाडीच्या तोंडाशी तो फार विस्कटला.

मी विचारलं, "ही राख का गं?"

"गाळ असेल, काका. राख कधीच वाहून गेली. आणि कण कुणाचा, ते यंत्राला कळत नाही."

"मग माझ्यासारखंच अर्धं शिकलंय तुझं यंत्र."

सगळे सांगतात, ती पाण्यात मिसळली, आता विसरा. कशी मिसळेल? चाळीस वर्षं माझ्याशी नांदली, पण एकही दिवस माझ्या 'हो'ला 'हो' म्हणाली नाही. असलं माणूस समुद्राला बधत नाही. वाकडं असतं तेच उजेडाला विस्कटून परत पाठवतं, हे समजायला शाळा लागत नाही.

संध्याकाळी मुलगा म्हणाला, "बाबा, उद्या होडीला गिऱ्हाईक येतंय. विकून टाका, पुण्याला चला. इथं आता काय राहिलंय?"

सकाळी गिऱ्हाईक आलं. त्याला चहा पाजून परत पाठवलं आणि होडी खाडीत लोटली.